कोपनहेगनचा गामेलटोर्व-न्यूटोर्व चौक : तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी,
नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं कोपनहेगनजवळ राहतोय आणि दर उन्हाळ्यात घरी पाहुणे असतात. आपले बहुतेक लोक ग्रुप टूरने येतात, लिटल मर्मेड, न्यूहाउन, टिवोली झालं की दुसऱ्या दिवशी नॉर्वे. स्ट्रॉयेटवर शॉपिंग करत चालताना मध्येच दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते, एकीकडे कारंजं, दुसरीकडे खांबांची गुलाबीसर इमारत, तिथे कोणी दहा मिनिटंही थांबत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. गावातला सगळ्यात जुना चौक आहे हो तो. गामेल म्हणजे जुना, न्यू म्हणजे नवा आणि टोर्व म्हणजे बाजाराचा चौक, थोडक्यात जुना बाजार आणि नवा बाजार.

मलासुद्धा तो कळला तो माझ्या सासऱ्यांमुळे. ते बांधकाम खात्यात सुपरवायझर होते, साताऱ्याकडे सगळी नोकरी झाली, त्यामुळे कुठेही गेले की त्यांची नजर आधी खाली फरशीवर जाते. आम्ही आइस्क्रीमच्या रांगेत आणि हे एकटेच मान खाली घालून चालतायत, थांबतायत, परत वळतायत. मला हाक मारून म्हणाले, "अगं, इथे दगडाची ओळ बदललीय बघ, ही उगाच नाही बदलत कोणी." नंतर वाचलं तर खरंच, दोन चौकांच्या मधोमध जुनं टाउन हॉल होतं, १७९५ च्या मोठ्या आगीत ते जळालं आणि त्या जागी परत बांधलंच नाही, म्हणून तर दोन चौकांचा एक झाला. पण इमारत कुठून कुठपर्यंत होती त्याची रेघ फरसबंदीत दगडांनी आखून ठेवलीय. दुसऱ्या दिवशी बाबा परत गेले आणि त्या रेघेवरून पावलं मोजत अख्खी फेरी मारली. एका कोपऱ्यावर उभे राहून म्हणाले, "म्हणजे आत्ता मी भिंतीत उभा आहे." त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही.

तर तुम्ही तिथे गेला असाल, पाच मिनिटं का होईना, तर जरूर लिहा.

* * *

ताई, धागा काढलात बरं झालं. मी नांदेडला वकिली करतो, मुलगी तिकडे एमेस्सीला होती तेव्हा दोन आठवडे राहिलो होतो. ती दिवसभर कॉलेजात, मग मी रोज मेट्रोने शहरात यायचो आणि न्यूटोर्ववर जाऊन बसायचो. ती खांबांची इमारत म्हणजे कोर्ट आहे, १८१५ साली पूर्ण झालेलं, सी. एफ. हॅन्सन नावाच्या आर्किटेक्टने बांधलेलं, आणि १९०५ पर्यंत शहराचा टाउन हॉलपण तिथेच होता. आजही कोर्ट चालू आहे. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरात एक ओळ कोरलीय, मुलीने अर्थ सांगितला, कायद्याने देश उभारावा. १२४१ च्या त्यांच्या जटलंड प्रांताच्या कायद्याची ती सुरुवात आहे. आठशे वर्षांपूर्वीचं वाक्य अजून कोर्टाच्या कपाळावर आहे हे बघून मला भरून आलं, खोटं नाही सांगत.

पण त्याच चौकात जमिनीवर आणखी एक जागा दाखवलेली आहे, जिथे पूर्वी शिक्षेचा चौथरा होता. लोकांसमोर फटके द्यायचे, मुंडकी उडवायची, आणि सगळं गाव बघायला जमायचं. आता त्यावरून पोरं सायकल हातात धरून गप्पा मारत जातात. इमारतीच्या बाजूच्या गल्लीत वर कमानी आहेत, त्या कोर्टाला तुरुंगाशी जोडतात. मी तिथे उभा होतो तेव्हा एक कुटुंब पायऱ्यांवर थांबलं होतं, आई, बाप आणि विशीतला मुलगा, कोणी कोणाशी बोलत नव्हतं, बाप सारखा हातातल्या फाइलची दोरी गुंडाळायचा आणि सोडायचा. आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मी हे रोज बघतो. भाषा कळत नव्हती पण तारीख पडलीय हे कळत होतं.

* * *

वकील साहेबांनी लिहिलंय त्या कोर्टाच्या शेजारीच डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्डचा जन्म झाला, १८१३ मध्ये. ते घर १९०८ ला पाडलं. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तिथे काहीच शिल्लक नाही हे माहीत असूनही गेले आणि अर्धा तास समोर उभी राहिले. लहानपणी खिडकीतून त्याला हाच चौक दिसत असणार एवढं एकच मनात होतं.

* * *

मी कोल्हापूरची, आर्किटेक्चर करतेय, एक्स्चेंजवर गेले होते. आम्हाला अभ्यासात यान गेल हे डॅनिश आर्किटेक्ट असतात ना, ते याच रस्त्याचा अभ्यास करणारे. स्ट्रॉयेट १९६२ मध्ये गाड्यांना बंद केला तेव्हा दुकानदार भडकले होते की धंदा बुडेल, आणि एवढ्या थंडीत बाहेर कोण बसणार. मग गेल यांनी वर्षानुवर्षं नुसतं बसून माणसं मोजली, कोण चालतंय, कोण थांबतंय, कोण कुठे टेकतंय. आम्हालाही तीच असाइनमेंट होती, मला गामेलटोर्व मिळाला. वही घेऊन कारंज्यासमोर बसले तर पहिल्या वीस मिनिटांतच कळलं की लोक बाकावर कमी आणि कारंज्याच्या पायऱ्यांवर जास्त बसतात, आणि ऊन सरकलं की सगळे सरकतात, अगदी न बोलता, मांजरं सरकतात तसे! एक आजोबा रोज त्याच वेळेला यायचे, कागदी पिशवीतून ब्रेड काढून खायचे, पिशवीची घडी घालून खिशात ठेवायचे आणि निघायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला विचारलं, आज मला मोजलंस का?
पुण्यात लक्ष्मी रोड ११ डिसेंबरला एक दिवस चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात ना, तेव्हा मला हेच आठवतं. एक दिवस नाही पुरत हो, लोकांना टेकायची सवय लागायला वेळ लागतो, पण इथल्या दुकानदारांची भीती तीच आहे आणि त्यांना हा रस्ता दाखवावा असं फार वाटतं.

* * *

आमचा अनुभव वेगळा आहे. ऑनलाइन बुक केलेली राहायची जागा ऐनवेळी कॅन्सल झाली, मेसेज आला तेव्हा आम्ही बॅगा ओढत स्ट्रॉयेटवर होतो, त्यात दगडी फरशीवर एका बॅगेचं चाक निखळलं, पाऊस भुरभुरत होता आणि ऑक्टोबरचा अंधार लवकर पडलेला. गामेलटोर्ववर सॉसेजची गाडी होती तिच्या छपराखाली बायको आणि सासूबाई उभ्या राहिल्या. आम्ही शाकाहारी, त्यामुळे घेण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या गाडीवाल्याने हुसकावलं नाही, उलट नुसता पाव, वर तळलेला कांदा आणि काकडीचं लोणचं असं करून दिलं आणि सासूबाईंकडून पैसेच घेतले नाहीत. दोन तासांनी दुसरी खोली मिळाली. त्या चौकाचा इतिहास मला आज इथेच कळतोय, पण तो पाव लक्षात आहे.

* * *

कारंज्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. कारितास म्हणतात त्याला, १६०८ सालचं, राजा ख्रिश्चन चौथा याने करून घेतलं, आणि पाणी सहा किलोमीटरवरच्या एमड्रुप तळ्यातून नळाने आणायचे. वर जी बाई आहे ती दया, माया याची मूर्ती. सोबत तिची मुलं आहेत, पण नीट बघा, ती पोटुशी आहे. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी सातव्या महिन्यात होते, आईचा व्हिसा अडकलेला, नवरा ऑफिसात, डोहाळजेवण व्हिडिओ कॉलवर झालेलं, आणि त्या दिवशी डॉक्टरकडून परत येताना पाय दुखले म्हणून पायऱ्यांवर टेकले. वर बघितलं तर ती. एका पोराला धरलंय, पोटात एक आहे आणि तरी ताठ उभी आहे. मी तिथे बसून खूप रडले आणि मग बरं वाटलं, नंतर प्रत्येक चेकअपनंतर मी तिथे जायचेच.

जूनमध्ये लेक झाली. पुढच्या वर्षी १६ एप्रिलला आम्ही तिला घेऊन गेलो, आईपण होती तेव्हा. त्या वेळी राणी मार्गरेथे गादीवर होत्या, त्यांच्या वाढदिवसाला या कारंज्यात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची सफरचंदं टाकायचे, फार जुनी पद्धत आहे. पाण्याच्या धारेवर ती नाचत राहतात, वर जातात, पडतात, परत उडतात. वारा होता, तुषार अंगावर येत होते. आईने पदराने लेकीचं डोकं झाकलं तर ती पदर ओढून काढायची आणि सफरचंदाकडे दोन्ही हात करायची. एक सफरचंद धारेवरून घसरलं की तिचा चेहरा पडायचा, परत वर आलं की खिदळायची, आणि आई प्रत्येक वेळी म्हणायची, "आलं गं बाई, आलं."