प्राणीकथांतील आवडता खलनायक: त्याला नेमके काय म्हणावे?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

आमच्या वाचनकट्ट्यावर येणाऱ्या सातवी-आठवीच्या मुलांनी ‘प्राणीकथांमधील माझा आवडता खलनायक’ या विषयावर भित्तिपत्रक करायला घेतले आहे. मुलांनी निवडलेली पात्रे अशी: पंचतंत्रातील दमनक हा कोल्हा, मोगलीच्या कथेतील शेरखान, आणि टोळ्या करून जंगलात राहणाऱ्या मांजरांच्या ‘वॉरियर्स’ या इंग्रजी मालिकेतील टायगरस्टार व स्कर्ज हे दोन बोके. मजकूर चांगला उतरला आहे, परंतु प्रत्येकाने आपल्या पात्राला ‘खलनायक’ हा एकच शब्द लावल्यामुळे दोन पानांतच सगळे एका माळेचे मणी वाटू लागतात. त्यांना निरनिराळे शब्द सुचवावेत, अशी विनंती आहे. त्याखेरीज तीन शंका आहेत. ‘खल’ आणि ‘खलबत’ या शब्दांचा परस्परांशी काही संबंध आहे काय? ‘खलनायक’ आणि ‘प्रतिनायक’ यांत फरक कोणता करावा? आणि एका पालकांनी असा आक्षेप घेतला आहे की शेरखान हा वाघ असल्यामुळे तो शिकार करणारच, मग त्याला ‘खल’ कोणत्या न्यायाने म्हणायचे?

उत्तर (पंचवटी)

ताई, आपली तिसरी शंका मी आधी घेतो, कारण तिच्या उत्तरावर बाकीची उत्तरे अवलंबून आहेत.

पालकांचा आक्षेप अर्धा बरोबर आहे. आपल्या निफाडकडे उसातून बिबट्या निघतो आणि गोठ्यातले वासरू उचलतो, तेव्हा शेतकरी त्याला शिव्या घालतो, पिंजरा लावा म्हणून वनखात्याकडे खेटे घालतो, पण त्याला कोणी ‘दुष्ट’ म्हणत नाही. फार तर ‘सोकावलाय’ म्हणतात. जनावर हिंस्र असते ते पोटासाठी, आणि ‘हिंस्र’ या शब्दात दोष देण्याचा भाव नाही. ‘खल’ म्हणायला मनात काही वाकडे असावे लागते. पसायदानातील ‘खळांची व्यंकटी सांडो’ ही ओळ नेमके हेच सांगते, कारण ‘व्यंकटी’ म्हणजे वाकडेपणा, आणि मागणे खळांचा नाश व्हावा असे नसून त्यांचा वाकडेपणा जावा असे आहे. ज्ञानेश्वरीचा काळ 1290 चा धरला, तर सात शतकांहून अधिक काळ मराठीत हा शब्द कृतीपेक्षा हेतूकडे बोट दाखवीत आला आहे.

या कसोटीवर शेरखानाकडे पाहावे. मोगलीची कथा लिहिणाऱ्या किपलिंगने 1894 च्या ‘द जंगल बुक’ या पुस्तकात त्याला जन्मापासून एका पायाने अधू दाखविले आहे आणि म्हणूनच तो गुरांवर भागवतो, असेही तेथे म्हटले आहे. एवढ्यावर तो खल ठरत नाही. तो खल ठरतो तो पुढे, जेव्हा लांडग्यांचा म्हातारा होत चाललेला म्होरक्या अकेला याच्याविरुद्ध तो कळपातील तरुण लांडग्यांचे कान भरतो आणि आपल्या शिकारीचे उष्टे टाकून त्यांना आपल्या मागे फिरवितो. तेव्हा मुलांनी शेरखानाचे पान त्याच्या शिकारीवरून नव्हे, तर या प्रसंगावरून लिहावे; शब्द ‘चिथावणीखोर’ चालेल. (त्याच्यामागून फिरणारा तबाकी नावाचा कोल्हा आहे, त्याला ‘लाळघोट्या’ यापेक्षा चपखल शब्द मराठीत मला तरी ठाऊक नाही.)

‘खलबत’ या शब्दाचा ‘खल’शी संबंध नाही. अरबी ‘खल्वत’ म्हणजे एकान्त. तो शब्द फारसीमार्फत आपल्याकडे आला आणि एकान्तातील गुप्त मसलतीला ‘खलबत’ म्हणू लागले. ‘खलबत्ता’ यातील ‘खल’ म्हणजे कुटण्याचे भांडे, आणि ‘या प्रश्नावर पुष्कळ खल झाला’ असे आपण म्हणतो तेव्हाही त्या भांड्यात घोटण्याचीच कल्पना असते. उच्चार सारखा पडल्यामुळे ‘खलबत म्हणजे खलांची बैठक’ अशी व्युत्पत्ती सांगणारे भेटतात. ती ऐकायला गोड आहे, परंतु खरी नाही.

‘प्रतिनायक’ हा नाट्यशास्त्रातील शब्द आहे. दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपक’ या ग्रंथात त्याची लक्षणे दिली आहेत, आणि ती वाचली तर तो काही केवळ ‘पलीकडच्या बाजूचा’ सभ्य गृहस्थ नाही: लोभी, उद्धट, ताठर, पापाचरणी आणि व्यसनी असा तो नायकाचा शत्रू आहे. आज आपण ‘प्रतिनायक’ हा शब्द नायकाशी टक्कर घेणारा, पण नीच नसलेला अशा अर्थाने वापरतो, तो अर्थ अलीकडचा आहे. वापरण्यास हरकत नाही. परंतु त्यासाठी धनंजयाचा दाखला देऊ नये.

आता दमनक, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते या यादीत त्याच्या तोडीचा कोणी नाही. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री प्रथम जुळवून दिली ती दमनकानेच. पुढे सिंह बैलाच्या गप्पांत रमला, शिकारीकडे त्याचे दुर्लक्ष झाले आणि पदरी असलेल्यांची उपासमार होऊ लागली, तेव्हा हाच दमनक एकीकडे सिंहाला सांगतो की बैलाला तुझे राज्य हवे आहे, आणि दुसरीकडे बैलाला सांगतो की सिंह तुला मारणार आहे. दोघांनाही तो समोरच्याच्या रागाची लक्षणे आधी पढवून ठेवतो, त्यामुळे समोरासमोर येताच दोघांनाही ती दिसतात. त्याचा जोडीदार कोल्हा करटक त्याला पुन्हा पुन्हा बजावतो, पण व्यर्थ. संजीवक मरतो तो पिंगलकाच्या नखांनी. दमनकाने कोणाला साधा ओरखडाही काढलेला नसतो. अशा पात्राला ‘क्रूर’ म्हणणे चुकीचे आहे आणि ‘लबाड’ म्हणणे फारच सौम्य आहे, कारण लबाड तर दुधात पाणी घालणाराही असतो. दमनकाला ‘पाताळयंत्री’ हाच शब्द शोभतो: ज्याची यंत्रे इतक्या खोल चालतात की वर चालणाऱ्याला त्यांचा सुगावा लागत नाही, तो. शिवाय पंचतंत्रात त्याला शिक्षा होत नाही, उलट त्याचे मंत्रिपद पक्के होते. हे पुढच्यांना सोसले नाही. सहाव्या शतकात पहलवीत, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेत, गेलेल्या या कथा आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने अरबीत आणल्या, तेव्हा त्या अरबी ग्रंथात दमनकावर, म्हणजे तेथील दिम्नावर, खटला चालविण्याचे एक नवे प्रकरणच आले आणि शेवटी त्याला देहदंड झाला. मुलांना हा फरक अवश्य सांगावा.

पुरवणी (नाशिकरोड)

काकांनी दोन बोक्यांना हात लावला नाही, म्हणून हे लिहीत आहे. ही मालिका 2003 पासून प्रसिद्ध होत आहे आणि आमच्या घरात तिची पारायणे झालेली आहेत.

टायगरस्टार हा प्रथम टायगरक्लॉ या नावाने भेटतो. स्वतःच्या टोळीचा उपप्रमुख असताना तो प्रमुख ब्लूस्टारच्या जिवावर उठतो, बाहेरच्या भटक्या मांजरांना आपल्याच तळावर घालतो, आणि हकालपट्टी झाल्यावर दुसऱ्या टोळीची गादी मिळवितो. त्याच्यासाठी ‘घरभेदी’ आणि ‘फितूर’ असे दोन शब्द समोर येतात. ‘फितूर’ म्हटले की बखरीतला किल्लेदार आठवतो, जो शत्रूकडून काही घेऊन दिंडी उघडतो. म्हणजे त्यात धनी दुसराच असतो. टायगरस्टारचा धनी कोणी नाही, तो सर्व काही स्वतःसाठीच करतो. म्हणून मी ‘घरभेदी’ निवडीन, आणि तेही हकालपट्टीपर्यंतच. त्यानंतर तो उघड वैरी आहे आणि उघड वैऱ्याला घरभेदी म्हणता येत नाही.

स्कर्ज निराळा आहे. अंगाने लहानखुरा, काळा, एकच पंजा पांढरा, आणि गळ्यात कुत्र्यामांजरांचे दात ठोकलेला पट्टा. टोळीच्या प्रमुखाला त्या मालिकेत नऊ जीव मिळतात. स्कर्ज एकाच फटक्यात टायगरस्टारचे नऊही जीव घेतो. पिल्लू असताना याच टायगरस्टारने त्याला बेदम मारलेले असते, आणि ते तो विसरलेला नसतो. या वृत्तीला मराठीत ‘डूख धरणे’ म्हणतात. डूख मूळचा सापाचा: डिवचलेला नाग डूख धरतो आणि वर्षांनीही माणूस ओळखून चावतो, अशी समजूत आहे. सर्पमित्र ती खोटी ठरवितात आणि त्यांचेच बरोबर आहे, परंतु समजूत गेली तरी शब्द टिकला. ‘सूड’ हा उगवला की संपतो. स्कर्जचे तसे होत नाही. टायगरस्टार मेल्यावरही तो थांबत नाही, साऱ्या जंगलावर हक्क सांगतो. म्हणून त्याला ‘सूडाने पेटलेला’ न म्हणता ‘खुनशी’ म्हणावे, कारण खुन्नस हा स्वभाव होऊन बसतो. दमनकाच्या श्रेष्ठत्वाबाबत मात्र माझा मतभेद आहे: दमनकाचा धाक वाटत नाही, त्याचे कौतुक वाटते, आणि ज्याचा धाकच वाटत नाही तो खलनायक मला अपुरा वाटतो.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही आभार. ‘डूख’ हा शब्द मुलांनी लगेच उचलला. दरम्यान आणखी दोन पाने आली आहेत. एका मुलीने, आपण पंचवटीच्या गावचे म्हणून, मारीच घेतला आहे. दुसऱ्या मुलाने वानराचे काळीज मागणारा करालमुख घेतला आहे, आणि त्याच्या मजकुरात ‘ती मगर आपल्या बायकोला म्हणाली’ असे वाक्य आले आहे. ते कसे दुरुस्त करावे? आणि आजच्या अर्थाने ‘प्रतिनायक’ म्हणता येईल, असे एखादे पात्र सुचवावे.

उत्तर (पंचवटी)

नाशिकरोडकरांचा ‘घरभेदी’ मला मान्य आहे. धाकाविषयी एवढेच म्हणतो की ज्याचा धाक वाटतो त्याच्यापासून माणूस सावध तरी राहतो.

मारीच या यादीत बसत नाही. वाल्मीकींच्या अरण्यकांडात तो रावणाला सीताहरणाच्या उद्योगापासून परावृत्त करण्याचा परोपरीने प्रयत्न करतो. रावण त्यालाच मारण्याची धमकी देतो, तेव्हा त्याच्या हातून मरण्यापेक्षा रामाच्या हातून मेलेले बरे, असे म्हणून तो सोन्याचा मृग होतो. ‘मायावी’ हे त्याच्या शक्तीचे वर्णन झाले. त्याच्या भूमिकेला ‘हस्तक’ म्हणावे, आणि तोही मनाविरुद्ध झालेला.

प्रतिनायक हवा असेल तर पंचतंत्राच्या काकोलूकीयातील, म्हणजे कावळे आणि घुबडे यांच्या वैराच्या भागातील, स्थिरजीवी घ्यावा. हा कावळ्यांचा मंत्री रक्ताने माखून, मार खाल्ल्याचे सोंग करून शत्रूच्या दारात पडतो. ‘याला आताच मारा’ हा मंत्री रक्ताक्षाचा सल्ला घुबडांचा राजा ऐकत नाही. घरटे बांधण्याच्या निमित्ताने स्थिरजीवी गुहेच्या तोंडाशी काड्या रचतो आणि दिवसा, घुबडांना दिसत नसताना, ती गुहा पेटविली जाते. कथा कावळ्यांच्या बाजूने सांगितलेली असल्यामुळे तो ‘मुत्सद्दी’ ठरतो. हीच कथा घुबडांनी सांगितली असती तर शब्द ‘कपटी’ आला असता.

करालमुखाचे वाक्य अडले ते मुलामुळे नव्हे. मूळ संस्कृतात तो ‘मकर’ आहे, पुल्लिंगी. आपण ‘मगर’ बहुधा स्त्रीलिंगी बोलतो, आणि ‘सुसर’ घेतली तरी अडचण तीच राहते. ‘नर मगर’ हे प्राणिसंग्रहालयाच्या पाटीसारखे वाटते, आणि ‘नक्र’ मुलांना परका आहे. तेव्हा मजकुरात सर्वत्र ‘करालमुख’ असे नावानेच लिहावे आणि क्रियापद पुल्लिंगी ठेवावे. ‘मगर’ हा शब्द चित्राखाली आला की पुरे.