दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया: उपाशी किती वेळ, ताईत, अंगारा आणि टाके

विचारणा
बाळ चार महिन्यांचं, वजन साडेसहा किलो. पुढच्या आठवड्यात ओठाची शस्त्रक्रिया, सकाळी 8 ला. रात्रीपासून उपाशी ठेवायचं का? मनगटात मंतरलेला धागा आणि गळ्यात ताईत आहे, आत चालेल? टाक्यांना अंगारा लावायचा घरच्यांचा आग्रह आहे.

भूलवाला
रात्रभर उपाशी अजिबात नको. वरचं दूध साधारण 6 तास आधी बंद, अंगावरचं 4 तास आधी. म्हणजे साडेतीनला उठवून पाजायला घ्या, 4 च्या आत उरका. पाण्याचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. भुलीत खोकून बाहेर टाकायची ताकद नसते. पोटातलं वर आलं की थेट फुप्फुसात. म्हणून त्या वेळेत न विचारता चमचाभर तीर्थसुद्धा नको. (मधाचं बोट तर वर्षाच्या आत कधीच नको.)

ताप, खोकला, वाहतं नाक असेल तर आधीच कळवा. तारीख जाईल म्हणून लपवतात, आणि सर्दीतल्या बाळाची श्वासनलिका भुलीत चटकन आवळते.

ताईत काढावाच लागतो. रक्तस्राव थांबवायला विजेचं उपकरण वापरतात, धातूजवळ भाजायची भीती असते. धागा असलेल्या हातात सलाईनची सुई गेली आणि हात सुजला तर तो काचतो. दोन्ही काढून आईबाबांनी मुठीत धरून बाहेर बसावं. प्रार्थना दारापर्यंत म्हणा, कोणी अडवत नाही.

वॉर्डातली ताई
अंगारा टाक्यांवर नको म्हणजे नको. राख निर्जंतुक नसते, जखम चिघळली की टाके उसवतात. शिवाय जखमेत कण अडकले तर व्रण कायमचा काळसर राहतो. घरच्यांना पाळण्याशी ठेवू द्या, बाळाच्या हाताला लागणार नाही असा.

टाक्यांची निगा: हात धुऊन, कापसाची काडी सलाईनमध्ये बुडवून टाक्यांवरून लोळवायची, घासायची नाही. दूध पाजल्यावर दर वेळी. खपली ओढू नका. ती मऊ झाली की सुटते. मग सांगितलेलं मलम अगदी पातळ. लाळ पहिल्या दिवशी गुलाबी दिसते, ते चालतं. ताजं लाल रक्त वाहत राहिलं तर नाही. 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, 6-8 तास लघवी नाही, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना. पॅरासिटामॉल वजनावरून लिहून दिलेलंच, आणि सिरिंजने मोजून. घरातल्या चमच्याचा भरवसा नाही.

न विरघळणारे टाके साधारण 5-7 दिवसांनी काढतात. त्यानंतर व्रण लाल आणि कडक होतो, ओठ वर ओढल्यासारखा दिसतो. इथेच लोक घाबरतात. मऊ पडायला काही महिने लागतात. मालीश सर्जन सांगतील तेव्हाच.

विचारणारी
पाजायचं कधी? आणि आजी म्हणतात, मी उपास धरावा.

वॉर्डातली ताई
पूर्ण जागं झाल्यावर, बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी. चोखणी मात्र नको. पाजणाऱ्या आईने कडक उपास धरू नये, पाणी तर तोडूच नये. नवस आजींनी किंवा बाबांनी घ्यावा. कोपराच्या पट्ट्या (बाळाचा हात टाक्यांपर्यंत जाऊ नये म्हणून कोपर सरळ ठेवणाऱ्या) दिल्या असतील तर एका वेळी एकच काढा, तो हात हलवू द्या, खाली कातडी लाल झालीय का बघा, ती बांधून मग दुसरी.