खोक्यावरचा फुली मारलेला आकडा: मुंबई गोदीच्या आठवणी सांगा

वडाळेकर: काल घरी वॉशिंग मशीन आलं. खोकं फाडताना कडेला छापलेल्या खुणा दिसल्या, छत्री, ग्लास, वर जाणारे बाण आणि एक आकडा, म्हणजे हूक, त्याच्यावर फुली. लेक म्हणाली बाबा हे काय? मला पटकन बोलताच येईना. माझ्या वडिलांच्या हातात आयुष्यभर तोच आकडा होता हो. मुंबई गोदीत इंदिरा डॉकला हमालांच्या टोळीत होते. लाकडी मूठ, पुढे वाकवलेली सळी, आणि मूठ झिजून झिजून बोटांचे खळगे पडलेले. तागाच्या गोणीत टोक रुतवायचं, एक हिसका की गोण पाठीवर. फुलीवाला माल आला की आकडा कमरेला खोचायचा आणि नुसत्या हातांनी उचलायचं. घरी तो दारामागे खिळ्याला असायचा, आम्हा पोरांना हात लावायची बंदी. तुमच्याकडे कुणी गोदीला होतं का? कसंही लिहा, पण लिहा.

रात्रपाळी: आजोबा होते. आधी रोज पहाटे गेटवर उभं राहायचं, मुकादम बोट दाखवेल त्याला काम, बाकीचे चालत घरी. १९४८ ला कायदा आला, मग गोदी कामगारांचं बोर्ड झालं, नोंदणी झाली, जहाज नसलं तरी हजेरीचे थोडे पैसे मिळायला लागले. आजोबा म्हणायचे, तेव्हापासून आम्हाला घरी सांगता यायला लागलं की उद्या चूल पेटेल. गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो, त्यांच्या सभा आजोबांनी ऐकलेल्या, डिमेलोंच्या नावाच्या रस्त्यावरून बस गेली की अजून आजी हात जोडते.

किनारा: बाबा विंचवर, म्हणजे माल वर-खाली करणाऱ्या यंत्रावर. खाली फाळक्यात, बोटीच्या पोटात, टोळी, वर सिग्नलवाला, विंचमनला खालचं काही दिसत नाही, सगळा भरवसा त्या हातावर आणि ओरडण्यावर. आरिया म्हणजे सोड खाली, हबेस म्हणजे घे वर. रिटायर झाल्यावर सुद्धा आई माळ्यावरून डबा काढायला लागली की हे खालून आरिया आरिया

पोळीभाजी: अय्या आरिया!! माझा मामा बिल्डिंगच्या क्रेनवर आहे तो पण हेच ओरडतो, मला वाटायचं त्याचा काही खास शब्द आहे

किनारा: नाही गं, पोर्तुगीज खलाशांकडून आलाय तो.

मधली_सून: सासरे गंधकाच्या जहाजावर गेले की घरी येईपर्यंत डोळे लालभडक, रात्रभर सासूबाई थंड दुधाचे बोळे ठेवत बसायच्या. एकदा स्लिंग, म्हणजे माल उचलायचा दोर, तुटली, शेजारच्याचा पाय गेला, भरपाईसाठी त्याच्या बायकोने इतक्या चपला झिजवल्या की शेवटी सगळ्या टोळीने पगारातून वर्गणी काढली. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते

बारा_नंबर: @मधली_सून वाचून पोटात तुटलं. आमच्यात पण तसंच, टोळी म्हणजे सख्खे भाऊ. कुणाचं लग्न, कुणाचं मर्तिक, टोळी हजर.

साखळी: आमच्या घरी १४ एप्रिलला सकाळी बाबासाहेबांना हार आणि दुपारी चारनंतर पणजोबांसाठी दिवा. १९४४ चा स्फोट. व्हिक्टोरिया डॉकमधलं फोर्ट स्टिकिन, एकाच बोटीत कापसाच्या गाठी आणि १४०० टनांच्या आसपास स्फोटकं, कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे! आग लागली ती कापसाला. दोन स्फोट, अर्ध्या तासाच्या अंतराने. आग विझवणारे ६६ जवान गेले त्यांचा दिवस पाळतात ते बरोबरच आहे, पण गोदीतल्या हमालांची नीट मोजणी तरी कुणी केली? पणजोबांचं काहीच सापडलं नाही. लोकांना त्या बोटीतल्या सोन्याच्या विटाच आठवतात याचा मला फार त्रास होतो.

रात्रपाळी: 🙏

बारा_नंबर: 🙏 पुढच्या वर्षी आमच्याकडेही दिवा लागेल.

टॅलीवाला: मी टॅली क्लार्क होतो, गोणी मोजायचो, चार उभ्या आणि पाचवी आडवी रेघ. १९८९ ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं, माल हळूहळू कंटेनरमध्ये गेला. ज्या बोटीला टोळ्यांना आठवडा लागायचा ती एका दिवसात रिकामी. पाठी वाचल्या हे चांगलंच झालं, त्यात दुमत नाही. पण पन्नाशीतल्या माणसाला घरी बसवलं की तो कसा खचतो ते मी जवळून बघितलंय. वडाळेकर, तुम्ही नाडकर्णी पार्कातले का, गोदीच्या वसाहतीतले?

वडाळेकर: हो काका! तुम्ही पण?

टॅलीवाला: अरे मग तुझ्या वडिलांच्या गोणी मीच मोजल्या असणार. आकडा आहे का अजून? फोटो टाक.

पोळीभाजी: हो हो फोटो टाका

वडाळेकर: गावी भावाकडे आहे, आत्ताच फोन केला. म्हणाला मूठ सैल झालीय, नवी बसवू का. म्हटलं हात लावू नकोस, मी येतोय.