स्टॅम्पिंगचं काय?

‘लपवण्यासारखं काही नसेल तर सोशल मीडियाचं अकाउंट पब्लिक करायला काय जातं?’ असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी जून २०२५ पासून ते करावंच लागतं, आणि मुलं निमूट करतातही. खरी गोची आधीच तिथे असलेल्यांची आहे. आय-२० (विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं प्रमाणपत्र) चालू असेल तर व्हिसा संपला तरी शिकता येतं, पण भारतात येऊन परत जायला नवा स्टॅम्प, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा हवा. पूर्वी काहीजण तो कॅनडा-मेक्सिकोत उरकायचे. सप्टेंबर २०२५ पासून मायदेशी किंवा राहत्या देशातच अर्ज करा म्हणतात.

भाची तिकडे पीएचडी करतेय, सख्ख्या भावाच्या लग्नालाही आली नाही. व्हिसाच्या मुलाखतीत २२१(जी)ची, म्हणजे ‘पुढच्या तपासणीसाठी व्हिसा अडकला’ अशी चिठ्ठी हातात पडली तर तपासणी किती चालेल याला मुदत नाही. तोवर लॅब, स्टायपेंड सगळं अधांतरी. तिच्या गाइडनेच सांगितलं, जाऊ नकोस. लग्नात नातेवाइकांनी मात्र ‘शिष्ट झाली’ म्हणून घेतलंच.