मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात गाडीचा विमा लॅप्स झालाय

मंडळी, आईच्या ऑपरेशनसाठी तीन महिने पुण्यात होतो. इकडे कार्ड एक्सपायर झालं, ऑटोपे फसला आणि विमा बंद पडला. परवा टपालाच्या गठ्ठ्यात डीएमव्हीचं (म्हणजे इकडच्या आरटीओचं) पत्र सापडलं: रजिस्ट्रेशन सस्पेंड! गाडी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्येच धूळ खात होती, काचेवर चिमण्यांची नक्षी. नवीन पॉलिसी आणि १४ डॉलर भरले की रजिस्ट्रेशन परत मिळतं, हे कळलं. विम्याशिवाय पकडलं तर पहिल्यांदा दंड १०० ते २०० डॉलर, वर अधिभार. म्हणून सध्या बसनेच जातोय. 'गाडी वापरात नाही' हे प्रतिज्ञापत्र आता मागाहून चालतं का? आणि २०२५ पासूनच्या ३०/६०/१५ (हजार डॉलर: एका जखमीसाठी / एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी / मालमत्तेच्या नुकसानीसाठी) या किमान कव्हरवर भागतं, की जास्तच घ्यावं? अनुभव असेल तर सांगा.