टॉप-डाउन हॉरर शूटर: रक्त जास्त म्हणजे भीती जास्त, असं तुम्हाला वाटतं का?

रात्रपाळी_गेमर

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. मी आधी फर्स्ट पर्सन, म्हणजे पात्राच्याच डोळ्यांतून दिसणारे हॉरर गेमच खेळायचो. टॉप-डाउन, म्हणजे वरून कॅमेरा असला की भीती वाटणारच नाही हे मी धरूनच चाललो होतो, म्हणजे आपलं पात्र नखाएवढं, खोली अख्खी समोर पसरलेली, कोण कुठून येतंय ते आधीच दिसतंय, मग घाबरायचं कशाला. मग हॉटलाइन मायामी घेतला आणि चार रात्रीत संपवला. मारामारी भयंकर आहे, डोकी फुटतात, फरशीभर रक्त, पण भीती अशी नाही वाटली, चढली ती नशा. एका फटक्यात आपण मरतो, एका फटक्यात समोरचा मरतो, मेलो की आर दाबायचं आणि क्षणात परत दारात उभे.

त्यानंतर डार्कवूड लावला. त्यात पहिल्या रात्री मी धड कोणाला मारलंही नाही, फक्त खिडक्यांना फळ्या ठोकून कोपऱ्यात उभा होतो आणि बाहेर काहीतरी चालत होतं. पाचावर धारण बसली. खरंच सांगतोय, इतकं मला कुठल्याच फर्स्ट पर्सन गेममध्ये झालं नव्हतं.

तर मला जाणून घ्यायचंय की तुम्हाला कसं वाटतं, रक्तपात वाढला की भीती मरते का? आणि शूटरच हवा असेल, म्हणजे हातात बंदूक आहे, ती चालवायचीय, तरी जीव मुठीत धरून खेळावं लागेल असा टॉप-डाउन गेम कोणता? आणि अजून एक, हॉटलाइनचा दुसरा भाग सुरू केला पण पहिल्या काही मिनिटांतच बंद केला, तो पुढे खेळावा का?

कंदीलवाला

डार्कवूडबद्दल लिहितो कारण तो मी दोनदा पूर्ण केलाय. तू म्हणतोस खोली अख्खी दिसते, तर डार्कवूडची सगळी करामत तिथेच आहे. खोली दिसते, पण तुझं पात्र ज्या दिशेला बघतंय तेवढ्याच पट्ट्यात जिवंत गोष्टी दिसतात. पाठीमागची भिंत, टेबल, दार सगळं फिकट दिसत राहतं आणि तुला वाटतं की मला माहितीय तिथे काय आहे, पण तिथे कोणी येऊन उभं राहिलं तरी तू वळेपर्यंत ते तुला दिसणार नाही. फर्स्ट पर्सनमध्ये पाठ दिसतच नाही म्हणून आपण तिचा विचारही करत नाही. इथे स्वतःची उघडी पाठ आपल्याला सतत स्क्रीनवर दिसत असते. माझ्या मते वरच्या कॅमेऱ्याची खरी ताकद हीच, आणि गंमत म्हणजे फार कमी गेम ती वापरतात.

दुसरं म्हणजे आवाज. रात्री जनरेटरची घरघर चालू असते, पेट्रोल संपत आलं की तुझं निम्मं लक्ष तिकडे. मग दुसऱ्या खोलीत दार करकरतं. ते दार तू बंद केलं होतंस की नाही हे तुला आठवत नाही. बस, एवढंच. कुठेही अचानक थोबाड पुढे आणून किंचाळणं नाही, बनवणाऱ्यांनी ते ठरवूनच टाळलंय. पोलंडमधल्या तीन-चार जणांचं काम आहे हे, २०१७ ला पूर्ण गेम आला आणि ज्यांना विकत घेणं जमत नाही त्यांच्यासाठी त्यांनी स्वतःच टॉरेंट टाकला होता. त्यासाठी त्यांच्याबद्दल मनात कायमचा आदर आहे.

आणि हो, मारामारी त्यातही आहेच, कमी नाहीये. फळीला खिळे ठोकून केलेलं हत्यार उचलायचं, नेम धरून दाबून ठेवायचं, मग सोडायचं, तोवर समोरचा अंगावर आलेला असतो. हात जड वाटतो. म्हणून प्रत्येक मारामारी लक्षात राहते.

कोंबडा_मुखवटा

कंदीलवाल्याचं पटलं पण हॉटलाइन मायामीत भीती नाही हे मला अजिबात मान्य नाही. भीती मारताना नाहीये, मारून झाल्यावर आहे. आठव जरा, मजल्यावरचा शेवटचा माणूस पडला की काय होतं? ते जोरात चाललेलं संगीत खट्कन थांबतं. नुसती घूं घूं उरते. आणि लेव्हल तिथे संपत नाही, तुला गाडीपर्यंत परत चालत जावं लागतं, त्याच खोल्यांमधून, त्याच प्रेतांवरून, जी तू पाच मिनिटांपूर्वी कशी केलीस ते तुला कळलंही नव्हतं. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा त्या परतीच्या वाटेवर छातीत धस्स झालं होतं. दुसऱ्या कुठल्या गेमने लेव्हल जिंकल्यावर मला असं वाटायला लावलेलं नाही.

स्वीडनच्या दोघा जणांनी २०१२ मध्ये काढलेला गेम, पिक्सेल एवढे मोठे की चेहरा म्हणून काही दिसत नाही, तरी तो परतीचा रस्ता दहा वर्षांनीही डोळ्यांसमोर आहे. आणि मधे मधे ते मुखवटेवाले तिघे भेटतात, त्यातला कोंबडा जे विचारतो, की तुला हे करायला आवडतं का, ते पात्राला नाही विचारत, आपल्याला विचारतो. तू चार रात्रीत संपवलास म्हणतोस, मला वाटतं तू परतीच्या वेळी पळत गेला असशील. एकदा हळू चालत जा.

रात्रपाळी_गेमर

@कोंबडा_मुखवटा हो, पळतच जायचो. पुढची लेव्हल लवकर यावी म्हणून. आज रात्री पहिली काही प्रकरणं परत खेळतो आणि सांगतो.

जुनाखेळाडू

तुम्ही सगळे नव्या गेमवर बोलताय म्हणून जरा मागचं सांगतो. मी क्रिमसनलँड आणि एलियन शूटर हे दोन्ही आले तेव्हापासून खेळतोय, दोन्ही २००३ चे. त्यात कथा जवळपास नाही, चारी बाजूंनी झुंडच्या झुंड येते आणि आपण गोल गोल फिरत गोळ्या झाडायच्या. पण दोन्हीत एक गोष्ट होती जी मला फार आवडायची. प्रेतं गायब होत नाहीत. बाकीच्या गेममध्ये दोन सेकंदात मढं विरघळून जातं, इथे पडलं ते पडलं, रक्ताचा डाग पडला तो पडला. दहा मिनिटांनी जमिनीचा रंगच दिसेनासा होतो. आणि हे फक्त वरूनच कळतं! समोरून बघणाऱ्या गेममध्ये तुझ्या पायाखाली किती साचलंय हे तुला कधीच एका नजरेत दिसणार नाही, वरून मात्र अख्ख्या लढाईचा हिशोब नकाशासारखा समोर.

आता याला भीती म्हणायचं का? मी म्हणेन नाही, ती धांदल आहे, कडेला दाबले जाण्याची, रीलोड चुकीच्या वेळी होण्याची. १९८२ च्या रोबोट्रॉनपासून हेच चालत आलंय, एका हाताने पळा, दुसऱ्या हाताने मारा. पण धांदल ही काही कमी दर्जाची भावना नाही, आणि सगळ्या गेमने आपल्याला अपराधी वाटायला लावलंच पाहिजे हा हट्ट मला पटत नाही. राक्षस आहेत, मारले, विषय संपला.

मीनल_पिक्सेल

जुनाखेळाडू दादा, राक्षसांपर्यंत ठीक आहे, पण समोर माणसं आली की प्रश्न बदलतो ना. मी हेट्रेडचं उदाहरण देते कारण तो मी पूर्ण खेळलेय आणि नुसतं ऐकून बोलत नाहीये. २०१५ चा गेम, जवळपास सगळं काळं-पांढरं, आग आणि रक्त अशा मोजक्याच गोष्टी रंगात. अमेरिकेत त्याला थेट फक्त प्रौढांसाठीचं रेटिंग मिळालं, त्याआधी २०१४ च्या डिसेंबरात स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या ग्रीनलाइटवरून, म्हणजे कोणते गेम विकायला ठेवायचे यावर लोक मत द्यायचे तिथून, काढून टाकला होता आणि लगेच परत ठेवला, त्यावरून केवढा गदारोळ झाला. लोक तेव्हा बोलत होते की रक्त किती आहे. मला त्याचा त्रास रक्तामुळे नाही झाला. त्यात तब्येत भरून काढायची असेल तर खाली पडलेल्या, हालचाल करू न शकणाऱ्या माणसाला जवळ जाऊन ठार करायचं, मग तुमची हेल्थ वाढते. म्हणजे गेम तुम्हाला निर्दयपणाचा पगार देतो, आणि पोलीस येऊन गोळीबार सुरू झाला की तुम्ही तो पगार घेताच, विचार न करता. तासाभराने मला ती माणसं नुसती औषधाच्या बाटल्यांसारखी दिसायला लागली. भीती नाही, राग नाही, काहीच नाही. आणि मग कंटाळा. इतक्या क्रूर गेमचा कंटाळा येतो हे मला त्या गेमचं सगळ्यात मोठं अपयश वाटतं.

तर तुझ्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: रक्त वाढल्याने भीती मरत नाही, मारण्याची किंमत शून्य झाली की मरते.

आता हॉटलाइन २ बद्दल. तू सुरुवातीलाच बंद केलास म्हणजे बहुतेक त्या सुरुवातीच्या प्रसंगामुळे, जिथे एका बाईवर बळजबरी होणार असं दाखवतात आणि मग ते सिनेमाचं शूटिंग निघतं. त्याच प्रसंगामुळे ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये त्याला वर्गीकरण नाकारलं, म्हणजे तिथे विकायलाच बंदी. गेम सुरू करताना असले प्रसंग वगळायचे का हे विचारतो, तिथे वगळा निवड, काही बिघडत नाही. माझं मत विचारशील तर तो प्रसंग तिथे नसता तर गेम अजून चांगला झाला असता. पहिल्या भागात प्रश्न तू स्वतः केलेल्या कामातून उभा राहतो, इथे त्या बळजबरीच्या वेळी तुझ्या हातात काहीच नसतं, नुसतं बघायला लावलंय.

कोंबडा_मुखवटा

मीनलशी शंभर टक्के सहमत, आणि मी तर त्या गेमचा भक्त आहे. दुसऱ्या भागाची अजून एक तक्रार, लेव्हल फार मोठ्या केल्या. पहिल्यात खोल्या लहान, दार लाथाडून आत शिरायचं, मुठी, बॅट, चाकू. दुसऱ्यात लांबच लांब हॉल आणि काचेच्या खिडक्या, स्क्रीनच्या बाहेरून गोळी येते आणि आपण खलास, शिफ्ट दाबून पुढे बघत बघत चालावं लागतं. ती भीती नाही, ती चिडचिड. संगीतासाठी आणि शेवटासाठी मात्र खेळ, शेवट जबरदस्त आहे.

डबा_खिळे

बंदूक पण हवी आणि जीव मुठीत पण हवा, असं विचारलंस ना? टेलिग्लिच. बाकी सगळं बाजूला ठेव. एस्टोनियाच्या छोट्या टीमचा २०१२ चा गेम, पिक्सेल इतके जाड की पहिल्यांदा बघून लोक बंद करतात आणि तिथेच फसतात. भिंतीच्या पलीकडचं सगळं काळंकुट्ट, नुसतं झाकलेलं नाही तर भिंती उंच उभ्या राहिल्यासारख्या काळ्या ताणल्या जातात, तू हललास की तो काळोख पण तुझ्याबरोबर सरकतो. दाराच्या चौकटीत उभा राहून एक पाऊल इकडे एक पाऊल तिकडे करत आत कोण आहे ते बघायचं. गोळ्या मोजक्या. अक्षरशः मोजतोस तू, अकरा आहेत, समोर चार जण आहेत, दोन चुकल्या तर चाकू. मिळेल ते भंगार, खिळे, रिकामे डबे, जोडून हत्यारं करायची. लेव्हल दर वेळी बदलते, मधे सेव्ह नाही.

मीनलने किंमतीचं जे लिहिलंय ना, ते इथे प्रत्येक गोळीला लागू आहे. मी एकदा पाच लेव्हल नीट खेळून सहाव्यात पोचलो आणि घाबरून एकाच राक्षसावर शॉटगनच्या सगळ्या गोळ्या झाडल्या, तो तर पहिल्या दोनातच मेला होता. पुढच्या खोलीत तिघे होते.

कंदीलवाला

टेलिग्लिचला माझंही मत. शिवाय सिग्नॅलिस बघ, २०२२ चा, जर्मनीतल्या दोघांनी केलेला. शुद्ध शूटर नाही, पण बंदूक आहे आणि एका वेळी जवळ सहाच वस्तू ठेवता येतात, त्यात बंदूक आणि गोळ्याही आल्या. पाडलेले शत्रू नंतर परत उठतात, कायमचे संपवायचे तर जाळावे लागतात आणि जाळायचं सामान मोजकंच. त्यामुळे कॉरिडॉरमध्ये पडलेल्या प्रत्येक प्रेताजवळून जाताना पावलं आपोआप हळू होतात. जुनाखेळाडू म्हणाले ना की प्रेतं गायब होत नाहीत ते त्यांना आवडायचं, इथे नेमकं त्याचंच भय आहे. बरं, जुनं काही हवं असेल तर २००५ चा शॅडोग्राउंड्स पण आहे, हातात टॉर्च आणि सावल्यांमधून येणारे परग्रही, फिनलंडचा. कथा यथातथा, पण टॉर्चच्या उजेडाचं काम त्या काळात फार छान केलंय.

जुनाखेळाडू

शॅडोग्राउंड्सची आठवण काढलीत, बरं वाटलं. मीनल, तुमचं म्हणणं वाचून विचारात पडलो. माणसं असली की मलाही खटकतं हे खरं आहे. १९९७ चा पोस्टल मी अर्ध्यात सोडला होता आणि तेव्हा का सोडला ते कोणाला सांगता आलं नव्हतं. खाली पडलेली माणसं कण्हत सरपटत राहायची, आणि वरून ते सगळं शांतपणे बघत बसणं मला सहन झालं नाही. कॅमेरा लांब असल्यामुळे ते कमी वाटेल असं वाटलं होतं, उलट जास्त वाटलं.

रात्रपाळी_गेमर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काल हॉटलाइनची पहिली सहा प्रकरणं परत खेळलो आणि प्रत्येक वेळी गाडीपर्यंत हळू चालत गेलो. कोंबड्या भावा, तू म्हणालास ते खरं आहे. एका खोलीत दाराला चिकटून पडलेला एक जण होता, त्याच्या हातात हत्यार नव्हतं, मी दार लाथाडलं तेव्हा तो आपटला असणार आणि मग मी उरकून टाकलं असणार. मला ते केल्याचं आठवतच नव्हतं. तिथे थोडा वेळ उभा राहिलो.

टेलिग्लिच पण लावला. तिसऱ्या लेव्हलला मेलो तेव्हा माझ्याकडे नऊ गोळ्या शिल्लक होत्या, नंतर लागतील म्हणून जपून ठेवलेल्या. @डबा_खिळे, त्या कधी वापरायच्या हे कसं ठरवतोस ते जरा सविस्तर लिही, आज रात्री परत बसणार आहे.