फुल रेसवर आउटबोर्ड दम सोडतं, फुगा दाबला की परत पळतं

वल्हेकरी

नमस्कार मंडळी. होडीच्या मागे लावलेलं ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. तीन सिलेंडर, तीन कार्बोरेटर. टाकी होडीच्या तळात कायमची बसवलेली, वाटेत वॉटर सेपरेटर फिल्टर. इंजिन लगेच सुरू होतं, न्यूट्रलला छान चालतं, हळू चालवलं तर काहीच तक्रार नाही. पूर्ण रेस दिली की थोडा वेळ मस्त पळतं, टॅकोमीटर ५,००० दाखवतो, आणि मग आकडा हळूहळू उतरत ३,००० च्या खाली जातो. रेस तशीच ठेवली तर बंद पडतं. मागे जाऊन प्रायमरचा फुगा (पेट्रोलच्या पाईपमधला हाताने दाबायचा रबरी पंप) दाबला की परत जोर धरतं आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच.

प्लग नवीन घातले, फिल्टर बदलला, फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो तिन्ही कार्बोरेटर उतरवून साफ करू. त्याला माझी ना नाही, पण खोलाखोली करण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते कळायला हवं. होडीत मुलं असतात. ओढ असलेल्या पाण्यात किंवा मोठ्या बोटींच्या वाटेत इंजिन बंद पडलं तर काय, ही काळजी डोक्यातून जात नाही. सुरुवात कुठून करू?

गळवाला

कार्बोरेटरच करून घ्या. माझं इंजिन चोक ओढल्याशिवाय चालतच नव्हतं. जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, साफ केले आणि काम झालं. फक्त जेटमध्ये लोखंडी तार घालू देऊ नका, भोक मोठं होतं. नायलॉनचा दोरा आणि कार्ब क्लीनर पुरे.

जुना_कारागीर

गळवाला यांचा तारेबद्दलचा सल्ला अगदी बरोबर आहे, पण वल्हेकरी, कार्बोरेटरला अजून हात लावू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं निदान झालंय.

आकडा हळूहळू उतरतो म्हणता. स्पार्क गेला तर इंजिन बहुतेक वेळा फटकन पडतं. पेट्रोल कमी पडलं की असं रेंगाळत बंद होतं. फुगा दाबला की सावरतं, म्हणजे पेट्रोल पोचलं की इंजिनाला काही दुखणं नाही. आणि तुमच्याकडे कार्बोरेटर तीन आहेत. एकाचा मेन जेट चोंदला तर एक सिलेंडर अडखळेल, इंजिन थरथरेल, मिसिंग मारेल. तिन्ही जेट एकदम चोंदायचे आणि फुगा दाबला की तिन्ही मोकळे व्हायचे, असं घडत नाही. म्हणून तिघांच्या सामाईक वाटेत बघायचं: टाकीपासून फ्युएल पंपापर्यंतची लाइन आणि तो पंप.

हळू चालवताना त्रास का नाही? न्यूट्रलला हे इंजिन तासाला जेमतेम लिटर-दोन लिटर पितं, पूर्ण रेसवर १५ ते २० लिटर. अरुंद झालेली वाट पहिल्याला पुरते, दुसऱ्याला पुरत नाही.

आता एक काम करा. मोकळ्या पाण्यात, लाइफजॅकेट घालून, एकाने होडी चालवायची आणि दुसऱ्याने फुग्यावर हात ठेवायचा, फक्त ठेवायचा, दाबायचा नाही. आकडा उतरायला लागला की फुगा कसा लागतो ते बघा.

चपटा झाला तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीकडे. पंप ओढतोय, पण मागून येत नाही.

गोल असूनही मऊ, आणि कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठेतरी हवा शिरतेय किंवा फुग्यातले व्हॉल्व्ह गेलेत. इथे भलेभले फसतात, कारण ओढीच्या बाजूची गळती बाहेर थेंब टाकतेच असं नाही, ती आत हवा घेते. पाईप बाहेरून कोरडा दिसतो आणि माणूस पुढे जातो. कनेक्टरची ओ-रिंग, फिल्टरचं सील, क्लॅम्प, सगळं बघायचं. पंपाच्या आधी पारदर्शक पेट्रोल-नळीचा तुकडा लावला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. तपासून झालं की तो काढून टाका.

फुगा नीट भरलेला असूनही इंजिन बसत असेल तर पंप बघायचा. हा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर चालतो. त्यातला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटला तर पेट्रोल त्याच वाटेने थेट सिलेंडरकडे जातं आणि त्या एका सिलेंडरचा प्लग ओलाचिंब निघतो.

एक कळकळीची विनंती. आकडा पडायला लागला की लगेच रेस कमी करा, ताणून बघू नका. तेल पेट्रोलात मिसळून घालत असाल तर पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, वर मिश्रण लीन होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, उष्णता वाढते. असेच पिस्टन जॅम होतात. निदानाच्या नादात इंजिन गमावू नका.

वल्हेकरी

किती समजावून लिहिलंत, मनापासून आभार. तेल मिसळूनच घालतो, ५०:१, म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल.

फुगा चपटा होतो! हाताला स्पष्ट कळलं. व्हेंट (टाकीत हवा जायची वाट) बंद असेल म्हणून टाकीचं झाकण सैल करून चालवलं, तरी तेच. मग मित्राची सुटी टाकी, तिचीच नळी आणि तिचाच फुगा जोडून पाहिलं. पूर्ण रेसवर ५,००० ला ठाम, जराही हललं नाही.

जुना_कारागीर

उत्तम. सुटी टाकी जोडणं ही या कामातली सर्वात मोलाची चाचणी आहे आणि ती तुम्ही आपणहून केलीत. इंजिन, पंप, कार्बोरेटर सगळे निर्दोष सुटले. झाकण उघडूनही फरक नाही, म्हणजे व्हेंटही सुटला. उरलं काय: टाकीतली पिकअप नळी आणि तिची जाळी, टाकीच्या तोंडावरचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह, फिल्टरचं बूड आणि पाईप.

काम सुरू करताना इंजिन थंड, बॅटरी सुटी, फळ्या उघड्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळात साचून राहते. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा.

अँटी-सायफन व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग आणि गोळी असते, ती गंजून अडकते. खराब निघाला तर नवीनच बसवा. बरेच जण तो काढून नुसती नळी जोडतात, तसं करू नका. पुढे कधी पाईप तडकला तर टाकीतलं पेट्रोल आपोआप ओढलं जाऊन होडीच्या तळात उतरू शकतं, ते अडवायलाच तो व्हॉल्व्ह आहे.

माझा खरा संशय मात्र पाईपवर आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाने जुन्या पाईपचं आतलं अस्तर सुटतं. बाहेरून पाईप नवा दिसतो. हवा फुंकून बघितलीत तर आरपार जाईल, कारण दाबाने अस्तर भिंतीला चिकटतं. ओढ लागली की तेच अस्तर आत येऊन वाट बंद करतं. म्हणून फुंकून खात्री होत नाही, पाईप काढून उभा चिरून बघा.

वल्हेकरी

व्हॉल्व्ह आणि जाळी स्वच्छ निघाली. टाकी ते फिल्टर पाईप चिरला. फिल्टरकडच्या टोकाशी अस्तर पार सोलून लोंबत होतं! मेकॅनिकलाही दाखवलं, त्यानेही नीट निरखून पाहिलं.

तीन प्रश्न. अस्तराचे तुकडे पुढे गेले असतील का? टाकीत जुनं पेट्रोल आहे, ते चालेल का? आणि इतके दिवस लीन चाललं, त्याचं काय?

जुना_कारागीर

तुकडे फिल्टरने अडवले असणार. तरी फिल्टर बदला आणि पंपाच्या तोंडावरची छोटी जाळी बघा. फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा पाईप आणि फुगा त्याच वयाचे असतील तर तेही आत्ताच बदला. पाईप मरीन ग्रेडचा, इथेनॉल सोसणारा, आतला व्यास आहे तोच घ्या. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे.

जुन्या पेट्रोलसाठी टाकीच्या तळातून थोडं काचेच्या बरणीत काढा आणि स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथेनॉल असलेलं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, इथेनॉल १० टक्के असेल तर साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत. त्याहून जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरलेला असतो, हलवून ते परत एकजीव होत नाही. तसं असेल तर सगळं काढून टाका.

लीन चालल्याबद्दल, तिन्ही प्लग काढून टोकं बघा. पांढरी भाजलेली किंवा त्यांवर ॲल्युमिनियमचे बारीक कण दिसले तर तो सिलेंडर संशयित. मग किल स्विच ओढून, प्लगच्या वायर अर्थ करून, रेस पूर्ण उघडी ठेवून तिन्हींचं कॉम्प्रेशन मोजा. आपसातला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त चालवा. जास्त आला तर आकडे इथे टाका, मी बघतो.

पाईप बसवल्यावर इंजिन सुरू करायच्या आधी फुगा कडक होईपर्यंत दाबा आणि प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून बघा. फुल रेसची चाचणी पाण्यात, प्रोपेलरवर लोड असतानाच घ्यायची, पाण्याची नळी जोडून जमिनीवर नाही.